पर्यावरणाचा प्रकल्प मुलांनाच करू द्या

तुमच्या घरात कुणी अकरावी-बारावीला किंवा कॉलेजात शिकत असेल, तर हे वाचायला थोडा वेळ काढा.

मुलगा कॉमर्सला असो की मुलगी आर्ट्‌सला, पर्यावरणाचा विषय सगळ्यांनाच असतो. अकरावी-बारावीला त्याचं नाव 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा'. त्यात प्रकल्प करावा लागतो. पण पुष्कळ घरांत तो शेवटच्या आठवड्यात उरकला जातो. कुणी तयार प्रकल्प विकत आणतं, कुणी गेल्या वर्षीची वही उतरवून काढतं. "हा काही महत्त्वाचा विषय नाही," असं घरचेच म्हणतात.

तुम्ही तसं म्हणू नका. नळाला पाणी किती वेळ येतं, लाइट बिल किती येतं, दारातला कचरा कुठे जातो, डास का वाढले, हे सगळं याच विषयात येतं. मूल उद्या बँकेत जाईल, वकील होईल नाहीतर दुकान चालवेल. पाणी आणि कचरा त्याच्या मागे असणारच.

हा विषय काही फक्त सायन्सवाल्यांचा नाही. एम. सी. मेहता हे वकील. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये सांगितलं, की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा. पुढे पदवीच्या सगळ्या शाखांसाठी अभ्यासक्रम तयार झाला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी. ते पेशानं सर्जन. वकिलाला आणि सर्जनला जे आपलं वाटलं, ते तुमच्या मुलांनाही आपलं वाटू शकतं.

त्यासाठी पुढच्या गोष्टी करा.

पहिली गोष्ट. विषय घराजवळचा घ्या. ध्रुवावरचा बर्फ वितळतोय हे खरंच आहे, पण तो मोजायला मूल जाऊ शकत नाही. घरातला नळ, सोसायटीची टाकी, गावचा ओढा हे त्याला रोज पाहता येतं.

दुसरी गोष्ट. मूल ज्या शाखेत आहे, तिथूनच त्याला विषयात शिरू द्या.

कॉमर्सचं मूल असेल, तर वर्षभराची लाइट बिलं त्याच्या हातात द्या. 1000 वॅटचं उपकरण तासभर चाललं की 1 युनिट होतं. कोणत्या महिन्यात युनिट वाढले, कशामुळे वाढले, हे त्याला मांडू द्या. पाण्याचाही हिशेब असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात गावकरी दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. प्यायला किती, जनावरांना किती, शेतीला किती, हे ठरवतात. पाऊस कमी झाला, तर जास्त पाणी लागणारी पिकं टाळतात. ताळेबंद तर कॉमर्सच्या मुलाच्या ओळखीचाच!

आर्ट्‌सचं मूल असेल, तर त्याला आजी-आजोबांपाशी बसवा. पूर्वी पाणी कुठून आणायचे? कोणती विहीर कधी आटली? गावात देवराई आहे का, आणि तिथली झाडं का तोडत नाहीत? ही उत्तरं पुस्तकात सापडायची नाहीत. ती माणसं आहेत तोवरच लिहून घ्यायला हवीत.

सायन्सचं मूल असेल, तर त्याला पाऊस मोजू द्या. सरळ उभ्या कडांची बरणी उघड्यावर ठेवा आणि रोज पट्टीनं पाणी मोजा. 1 चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, की 1 लिटर पाणी होतं. म्हणजे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर 1000 लिटर पाणी. एवढं पाणी गटारात जातं आणि उन्हाळ्यात तुम्ही टँकर मागवता.

कायदा किंवा राज्यशास्त्र शिकणारं मूल कचऱ्याकडे पाहू शकतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक घरगुती कचरा वेगळा ठेवायला सांगितलं. आपल्या गल्लीत ते होतं का? नसेल, तर कुठे अडतं? 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली नगरपालिकेला अर्ज करून विचारताही येतं. मूल अठराच्या आतलं असेल, तर अर्ज तुमच्या नावानं करा.

तिसरी गोष्ट. काळजी घ्या. नदीवर, विहिरीवर, खाणीच्या डबक्यावर मुलांना एकटं पाठवू नका. कचरा मोजायचा तर हातमोजे घालायला लावा. औषधांच्या सुया आणि फुटकी काच यांना हात लावू देऊ नका. घरी आल्यावर साबणानं हात धुवायला सांगा.

चौथी गोष्ट. आकडे खरे लिहू द्या. एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं, तर ती जागा रिकामी ठेवू द्या. मनानं आकडा भरायची सवय लागली, तर ती पुढे नोकरीतही जात नाही. प्रकल्प थोडा ओबडधोबड दिसला तरी चालेल.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मुलानं जे शोधलं, त्यातली एक तरी गोष्ट घरात करा. नळ गळतो असं त्यानं दाखवलं, तर प्लंबर बोलवा. ओला कचरा जास्त निघाला, तर खताची कुंडी लावा. मोठी माणसं आपलं ऐकतात हे मुलाला दिसलं, की पुढच्या वेळी ते आपणहून मोजायला बसेल.

शिक्षकांनाही एक विनंती. सगळ्या वर्गाला एकच विषय देऊ नका. मुलानं स्वतः मोजलेलं, विचारलेलं काय आहे, ते आधी पाहा आणि त्याला मार्क द्या. वहीचं सजवलेलं मुखपृष्ठ नंतर पाहा.

या रविवारी मुलाला जवळ बसवा. लाइट बिलांची फाइल काढा, एक कोरी वही द्या आणि विचारा, "आपल्या घरात काय मोजूया?" ते जे सांगेल, त्यापासून सुरुवात करा.