परस्पर बंद केलेली गोळी

अँजिओप्लास्टी झाली, काही महिन्यांनी रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल नॉर्मल आले आणि त्याच आठवड्यात ॲटोरव्हास्टॅटिन बंद! हा प्रकार आता घरोघरी दिसतो. आकडा उतरला तो गोळीमुळे, गोळी थांबली की काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो, हे गर्दीच्या ओपीडीत कुणी सांगत नाही. उरलेले काम व्हॉट्सॲप करते. कोलेस्टेरॉल म्हणजे औषध कंपन्यांचे थोतांड, असे छातीठोकपणे सांगायचे आणि सोबत आले-लसूण-लिंबाचा काढा द्यायचा.

अशा अपप्रचाराची किंमत ऑस्ट्रेलियाने मोजली आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथल्या एबीसी या सार्वजनिक वाहिनीच्या ‘कॅटलिस्ट’ या विज्ञानविषयक कार्यक्रमाने दोन भागांत स्टॅटिनच्या, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या, उपयोगाबद्दलच शंका घेतली. त्यानंतरच्या आठ महिन्यांत सुमारे ६० हजार लोकांच्या गोळ्या सुटल्या, असा संशोधकांचा अंदाज. हे लोक पाच वर्षे औषधाविना राहिले, तर टाळता आले असते असे १,५०० ते २,९०० हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारखे झटके येतील, हे त्यांचे गणित. वाहिनीने २०१४ मध्ये दोन्ही भाग हटवले. आपल्याकडचे फॉरवर्ड कोण हटवणार?

स्टॅटिन निर्दोष नाही. काहींचे स्नायू खरोखर दुखतात, काहींची साखर थोडी वाढते. आणि एकच आकडा जरासा जास्त दिसला म्हणून तिशीतल्या धडधाकट माणसाला गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचेही कान उपटायला हवेत. पण त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांवर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने केलेला प्रयोग बोलका आहे. वर्षभर त्यांना कधी स्टॅटिन, कधी औषधच नसलेली हुबेहूब गोळी दिली, कधी काहीच दिले नाही. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के नुसत्या पोकळ गोळीवरही झाला! दुखणे खरे, पण बरेचसे धास्तीतून आलेले. निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केले. दुसरीकडे, १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत स्टॅटिनने मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी खाली आणले होते.

सरकारचे काय? तिशीपुढच्यांची रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोगांसाठी तपासणी होते. कोलेस्टेरॉल त्या यादीत नाही. सगळ्यांचे तपासणे परवडणार नाही, हे मान्य. पण महात्मा फुले योजनेतून ज्यांना स्टेंट बसले, त्यांची नावे-पत्ते सरकारदरबारी आहेतच. आशाताईंनी त्यांच्या दारात जाऊन ‘गोळी चालू आहे ना?’ एवढे विचारायला नवी योजना लागत नाही, मंत्र्यांचे उद्घाटनही नाही. मात्र या जादा कामाचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळीचा साठा कधीही संपता कामा नये. पेटंट केव्हाच संपलेले हे स्वस्त औषध आहे. निधी नाही, ही सबब इथे चालणार नाही. हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर ज्यांनी गोळी परस्पर बंद केली आहे, त्यांनी पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता आजच डॉक्टर गाठावा.