बेटं किती, रात्री किती?

दिवाळीच्या सुट्टीआधी महाडच्या दवाखान्यात एक वेगळाच पेशंट येऊ लागतो. त्याला काहीही झालेलं नसतं. त्याला अंदमानला जायचं असतं. ‘डॉक्टर, घाटात गाडी लागते, तिथे बोट लागेल का? एखादी गोळी लिहून द्या,’ एवढंच मागणं. मागच्या आठवड्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाला राहणारे एक निवृत्त गुरुजी आले. वय ७१. सोबत गुडघेदुखी आणि साखर असलेल्या काकू, एमआयडीसीत नोकरी करणारा मुलगा, सूनबाई आणि सात वर्षांची नात. गुरुजींना सावरकरांची कोठडी पाहायची आहे, मुलाला स्कुबा करायचं आहे, नातीला समुद्रात खेळायचं आहे. काकूंना काय हवं हे कुणी विचारलेलं दिसलं नाही.

गुरुजींनी सहलवाल्याचा छापील कागद टेबलावर ठेवला. सहा रात्री: पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक दोन, नील एक, परत पोर्ट ब्लेअर दोन, आणि त्यातल्या एका दिवशी पहाटे तीनला उठून बाराटांग. (सरकारी कागदांवर हॅवलॉक आणि नील २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. लोक अजून जुनीच नावं घेतात, मीही घेतो.)

आता गोळी लिहायच्या आधी मी हा कागद वाचतो. कोणत्या बेटावर किती रात्री आणि कोणत्या क्रमाने, हा प्रश्न सहलवाल्याचा वाटतो. पण त्याचं निम्मं उत्तर डॉक्टरकडे असतं. ते मला उशिरा कळलं, आणि कसं कळलं ते पुढे येईलच.

आधी सूर्याकडे बघू. अंदमानात घड्याळ आपलंच चालतं, सूर्य मात्र आपला नाही. पोर्ट ब्लेअर महाडच्या पूर्वेला जवळजवळ १९ अंश रेखांशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे असतो. नोव्हेंबरात महाडला सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तिथे पाचच्या आत बुडतो. आपण सुट्टीवर म्हणजे सावकाश उठणार, पोटभर नाश्ता करणार आणि साडेदहाला किनाऱ्यावर जाणार. नेमका त्याच वेळी तिथे सूर्य डोक्यावर येत असतो, कारण नोव्हेंबरातली तिथली खरी दुपार अकराच्या आसपासच असते. त्वचा भाजणारे अतिनील किरण साडेनऊ ते साडेबारा सर्वांत तीव्र. समुद्रात उतरायची वेळ सकाळी सहा ते नऊ, नाहीतर दुपारी अडीचनंतर. उरलेला वेळ सावलीत.

या हिशेबाने तिथला दिवस लहान असतो, आणि बेट बदलायचा दिवस तर जवळपास नसतोच. सकाळी सामान बांधा, धक्क्यावर जा, तपासणीच्या रांगेत उभे राहा, बोटीत बसा, उतरा, खोली दुपारपर्यंत मिळत नाही म्हणून थांबा. खोली मिळून अंग धुवेपर्यंत उजेड दीड-दोन तासांचा उरतो. नीलची एक रात्र म्हणजे कागदावर एक बेट, प्रत्यक्षात एक संध्याकाळ.

मग बोट. आंबेनळी घाटात पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना ज्यांनी एसटीच्या खिडकीबाहेर मान काढली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. अंतर्कर्ण सांगतो की आपण हलतोय, समोरच्या सीटवर खिळलेले डोळे सांगतात की नाही. या भांडणातून मळमळ उठते. समुद्रावर कारण तेच, पण हेलकावा संथ असतो, साधारण चार-पाच सेकंदांनी एक, आणि नेमका हाच वेग पोटाला सर्वांत जास्त ढवळतो. सलग दोन-तीन दिवस समुद्रावर राहिलं की शरीर सरावतं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हे दीड ते अडीच तासांचं अंतर मात्र असं आहे की त्रास व्हायला पुरतं आणि सराव व्हायला पुरत नाही. प्रत्येक फेरी नव्याने सुरू होते. तीन बेटांच्या कार्यक्रमात अशा तीन फेऱ्या आहेत, दोन बेटांच्या कार्यक्रमात दोन.

बोट कोणाला लागते याबद्दल आपला अंदाज बहुधा चुकतो. आपण म्हाताऱ्यांची काळजी करतो. प्रत्यक्षात हा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त होतो, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, आणि वय वाढेल तसा तो सहसा कमी होतो. म्हणजे गुरुजींपेक्षा नातीची तयारी जास्त करायला हवी. नेहमीच्या उलट्यांवर आपण देतो ती ओंडान्सेट्रॉनची गोळी इथे फारशी चालत नाही. प्रोमेथाझिन, सिनारिझिन अशा गोळ्या चालतात, पण मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, निघायच्या तास-दोन तास आधी घेतल्या तर. लहान मुलांना किती द्यायची हे वजन बघून ठरवावं लागतं. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला देऊ नये.

आणि म्हाताऱ्या माणसांना या गोळ्या जपून द्याव्यात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन मी अंदमानला गेलो, असाच तीन बेटांचा कागद घेऊन. वडिलांचं प्रोस्टेट वाढलेलं आहे हे मला माहीत होतं. तरी बोट लागू नये म्हणून जातानाही गोळी दिली, हॅवलॉकहून नीलला निघतानाही दिली. त्या गोळीने झोप येते तशी लघवीची पिशवीही सुस्त पडते. नीलवर त्या रात्री त्यांची लघवी तुंबली. गोळी देणारा डॉक्टर मुलगा शेजारच्या खाटेवर झोपलेला होता, आणि ते संकोचाने पहाटेपर्यंत काही बोलले नाहीत. बेटावरच्या आरोग्य केंद्रात नळी घातली, आराम पडला, तिथल्या माणसांनी मनापासून केलं. पण नंतरची बोट चुकली, पोर्ट ब्लेअरचे दोन दिवस खोलीत गेले, आणि ज्यासाठी वडील आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते त्या सेल्युलर जेलला त्यांच्या वाट्याला परतीच्या दिवशी जेमतेम वीस मिनिटं आली. नळीची पिशवी धोतराच्या घोळात लपवून ते अंगणात पिंपळाखाली उभे राहिले. कोठडीपर्यंत चढले नाहीत. ‘दिसली की इथून,’ म्हणाले.

सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. १९०६ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीला सात भुजा होत्या, आज तीनच उभ्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. जिने चढायचे, लांब सज्जातून चालत जायचं, उकाडा वेगळा. १९११ ते १९२१ सावरकर अंदमानात होते. ती जागा बघायला जाणाऱ्या सत्तरीच्या माणसाला ती पळत बघायची नसते, तिथे थोडा वेळ बसायचं असतं. म्हणून ती सकाळी उघडताच, गुडघे ताजे असताना, आणि मागे कुठलीही बोट गाठायची नसताना बघावी. सहलवाले ती पहिल्याच दुपारी टाकतात. पहिली दुपार म्हणजे आदल्या रात्री दहाला पोलादपूर सोडून, मुंबई-गोवा महामार्गाचे धक्के खात पहाटेचं विमान गाठलेल्या, बहुधा चेन्नईत किंवा कोलकात्यात विमान बदललेल्या आणि तीसेक तास धड न झोपलेल्या माणसाची दुपार. त्या दिवशी जेवून झोपावं. फार तर संध्याकाळी धक्क्यापर्यंत फेरी मारावी.

आता मुलाच्या स्कुबाचं. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त विरघळतो, आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो बाहेर पडायच्या आत विमानात बसलं तर? विमानाच्या आतला हवेचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका विरळ असतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे त्याच्याही बराच वर. सोड्याची बाटली उघडावी तसे रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे धरू शकतात. सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. त्यावर उपचार दाबकक्षात होतो आणि असे कक्ष बेटोबेटी नसतात. ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेची शिफारस अशी की एकदाच बुडी मारली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस मारल्या असतील तर १८ तास जाऊ द्यावेत. मी सरसकट पूर्ण एक दिवस सांगतो. सर्दी असेल, कान दुखत असेल, दमा असेल तर बुडी रद्द. पैसे भरलेत म्हणून कानाचा पडदा ऐकत नाही.

तिसरी गोष्ट हवामानाची. दसऱ्याला आपला पाऊस संपतो, म्हणून दिवाळीत तिकडेही उघडीप असेल असं कोकणातल्या माणसाला वाटतं. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हेच वादळांचे महिने. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. (मे महिन्यातही फार उशीर करू नये. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आपण दरवर्षी मेमध्येच वाचतो. समुद्र बहुधा शांत असतो तो फेब्रुवारी ते एप्रिल, पण तेव्हा शाळा असतात.) वाट बंद झाली की पलीकडच्या माणसाचं काय होतं, हे २०१६ साली सावित्रीवरचा पूल आणि २०२१ साली जुलैचा पूर पाहिलेल्या महाडकराला कुणी शिकवायला नको. तिथे फक्त एवढंच की अलीकडे विमान थांबत नाही आणि पलीकडे काकूंचं इन्शुलिन संपत येतं. औषधं नेहमी चार दिवस जास्त, आणि हातातल्या पिशवीत.

म्हणून परतीच्या विमानाआधीच्या दोन रात्री विमानतळ असलेल्या बेटावर काढाव्यात. नायट्रोजन आणि वादळ या दोघांचं यावर एकमत आहे.

बाराटांगबद्दल माझं मत कडक आहे. पहाटे तीनला उठून सहाची गाड्यांची रांग गाठायची, कित्येक तास गाडीत बसायचं, आणि ज्या रस्त्याने जायचं तो जारवांच्या राखीव जंगलातून जातो. १९९९ आणि २००६ साली जारवांमध्ये गोवराची साथ आली होती. बाहेरच्या रोगांशी ज्यांच्या शरीराची जुनी ओळख नाही, अशा मोजक्या माणसांच्या दारावरून नाक गळणारी मुलं घेऊन जायचं आणि काचेतून डोकावायचं, हे मला पटत नाही. गुहाच बघायच्या तर आपल्याकडे डोंगर कमी नाहीत.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि बरोबर तोच प्रश्न विचारला जो मी त्यांच्या जागी विचारला असता. ‘डॉक्टर, एवढ्या लांब पुन्हा कोण नेणार? पेन्शनीतले पैसे घातलेत. गेलोच आहोत तर तिन्ही बघून घेऊ.’ याला माझ्याकडे वैद्यकीय उत्तर नाही. पंचविशीतलं जोडपं असेल, दोन सॅक पाठीवर असतील, तर त्यांनी तिन्ही काय, वर रंगतही करावं. पण सात ते सत्तरपर्यंतची पाच माणसं एकत्र निघाली की सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायाने दिवस मोजावे लागतात. नील वाईट नाही. उलट लहान आणि सपाट आहे, गर्दी कमी, म्हाताऱ्यांना हॅवलॉकपेक्षा बरं वाटेल. तिथे तीन रात्री राहायचं असेल तर अवश्य राहा आणि हॅवलॉक सोडा. एका रात्रीसाठी नको.

मग काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मला रोज पिशव्या भरायच्या नाहीत.’ घरच्या पाच माणसांच्या पिशव्या प्रत्येक मुक्कामी कोण भरतं, हे त्या छापील कागदात कुठेच नव्हतं.

शेवटी कागद उलटा करून मागे लिहिलं. पोर्ट ब्लेअर एक रात्र, नुसती झोप. हॅवलॉक तीन, मुलाची बुडी दुसऱ्या दिवशी सकाळी. पोर्ट ब्लेअर दोन, त्यातली पहिली पूर्ण सकाळ गुरुजींची आणि कोठडीची. गुरुजींनाही लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं हे खोदून विचारल्यावर कळलं, म्हणून त्यांना गोळी नाही. आल्याची वडी, बोटीच्या मधली सीट आणि नजर क्षितिजावर. नातीला वजनाप्रमाणे अर्धी गोळी, आणि ती आधी एका रविवारी आंबेनळी घाटात देऊन बघायची, कितपत झोप येते ते. मुलाचं नाक गेले चार दिवस चोंदलेलं आहे. त्याला निघायच्या आदल्या दिवशी कान दाखवायला बोलावलंय.