शिंगांवर ठरणारा जमिनीचा भाव

धान्याचा भाव चढतो म्हणून जमिनीचा खंड चढतो, खंड चढला म्हणून धान्य महाग होत नाही, असे रिकार्डोने सांगितले त्याला दोनशे वर्षे उलटली. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात मात्र जमिनीचा भाव धान्यावर नव्हे, हरणांच्या शिंगांवर ठरत आला आहे. तेथील शिकारीचे राखीव रान विक्रीस निघाले म्हणजे दरसाल किती नर हरणे पडतात, ग्राऊस या तितरासारख्या पक्ष्याच्या किती जोड्या मारल्या जातात आणि नदीत किती सामन मासे गळाला लागतात, यांची सरासरी काढतात व दर नगामागे अमुक पौंड असा हिशेब मांडतात. त्या रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसांची मोजदाद या हिशेबात कोठेच नसते.

अशी जमीन विकत घेणे पैसेवाल्यास अवघड नाही. किती जमीन धारण करावी याला तेथे कमाल मर्यादा नाही. घेणारा स्वदेशी असावा अशीही अट नाही. ग्रामीण भागातील खासगी जमिनीपैकी निम्मी जमीन पाचशेहून कमी मालकांच्या हाती आहे, आणि आजचा सर्वांत मोठा खासगी जमीनमालक डेन्मार्कचा कापड-व्यापारी आहे. मात्र विकत घेतल्यावर मालकाच्या अडचणी सुरू होतात, अशी तक्रार असते आणि ती सर्वस्वी खोटी नाही. रानराखे पोसावे लागतात, डोंगरातील रस्ते आणि कुंपणे दुरुस्त ठेवावी लागतात, जुना शिकारवाडा गळत असतो. शिकारीच्या हक्कावरील स्थानिक कर १९९५ पासून माफ होता. २०१६ च्या कायद्यान्वये तो पुन्हा लागू झाला. २००३ च्या कायद्याने कोणालाही कोणाच्याही डोंगरमाळावरून जबाबदारीने हिंडण्याचा हक्क मिळाला. २०२४ च्या कायद्यानंतर ग्राऊसच्या शिकारीसाठी परवाना लागतो. बहुतेक रानांत शिकारीचे उत्पन्न खर्चाला पुरत नाही; तूट मालक दुसरीकडच्या नफ्यातून भरून काढतो.

मग तोट्याचा हा धंदा करावयाचा कशासाठी? येथेच प्रश्नाचे मर्म आहे. हा धंदाच नव्हे. मालक विकत घेतो ती प्रतिष्ठा, एकांत, आणि पुढेमागे जमिनीचा भाव वाढेल ही आशा. दरवर्षीचा तोटा ही त्या प्रतिष्ठेची वर्गणी होय. परंतु ज्या जमिनीचा भाव हौसेवर ठरतो ती जमीन तिच्यावर राबून पोट भरणाऱ्यास कधीच परवडत नाही, कारण राबणाऱ्याला ती किंमत जमिनीच्या उत्पन्नातूनच फेडावी लागणार. मालकाची अडचण ताळेबंदातली असते. गावकऱ्याची अडचण घर कोठे बांधावे आणि मुलांनी गावात राहावे कसे, ही असते.

ही रिकामी राने निसर्गाने रिकामी ठेवलेली नाहीत. ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात मार्क्सने सदरलंडच्या उमराव घराण्याचे उदाहरण दिले आहे. १८१४ ते १८२० या सहा वर्षांत सुमारे १५,००० माणसांना तेथून हुसकून लावून मेंढ्यांसाठी कुरणे केली गेली. पुढे त्या मेंढ्यांची जागा हरणांनी घेतली, हेही मार्क्सने नोंदविले. १८५२ मध्ये राजघराण्याने बालमोरल विकत घेतले आणि डोंगरातील शिकार ही धनिकांची फॅशन झाली. परदेशी लोकरीने मेंढपाळीचा नफा खाल्ला, तेव्हा राहिलेली कुरणेही शिकारीकडे वळली. १९१२ च्या सुमारास हरणांसाठी राखलेले रान पस्तीस लाख एकरांवर गेले होते. लोक गप्प बसले नव्हते. नोव्हेंबर १८८७ मध्ये लुइस बेटावरील भुकेले शेतकरी बंदुका घेऊन पार्कच्या राखीव रानात शिरले व हरणे मारून त्यांनी सामुदायिक जेवण केले. त्यांच्यातील प्रमुखांवर एडिंबरो येथे दंगलीचा खटला चालला. पंचांनी त्यांना निर्दोष सोडले.

स्कॉटलंडच्या कायद्यात रानातले हरीण कोणाच्याच मालकीचे नाही. ते मारण्याचा हक्क तेवढा ज्याच्या जमिनीवर ते उभे असेल त्याचा. हरणाला सरहद्द ठाऊक नसते. आज या मालकाच्या रानात, उद्या शेजाऱ्याच्या. लांडगे तेथून केव्हाच नाहीसे झाल्यामुळे हरणांची संख्या माणसालाच आवरावी लागते. परंतु शिंगांवर भाव ठरत असेल तर हरणे कमी करण्यात मालकाचे हित नाही. परिणामी कोवळी रोपे खाल्ली जातात आणि कुंपण घातल्यावाचून जंगल पुन्हा उगवत नाही. लाभ एकाचा, झीज सर्वांची, असा हा व्यवहार आहे.

याला उत्तर म्हणून गेल्या तीन दशकांत गावांनी जमिनी विकत घेण्यास प्रारंभ केला. १९९३ मध्ये असिंट येथील क्रॉफ्टरांनी, म्हणजे लहान तुकड्यांवर राबणाऱ्या कुळांनी, वर्गणी काढून २१,००० एकर जमीन तीन लाख पौंडांना घेतली. १९९७ मध्ये एग बेटाच्या रहिवाशांनी पंधरा लाख पौंडांत आपले बेट सोडविले. त्या वेळी साठ-पासष्ट असलेली तेथील वस्ती आज शंभरावर आहे. उत्तर हॅरिसचे डोंगर २००३ मध्ये लोकांकडे आले. तेथे हरणांची शिकार थांबली नाही. आता गावातलेच लोक मंडळ करून ती करतात. म्हणजे विरोध शिकारीला नसून, शिकारीच्या नावाने माणसांना जमिनीपासून दूर ठेवणाऱ्या मालकीला आहे.

मात्र या यशाची दुसरी बाजू कार्यकर्त्यांनी नजरेआड करू नये. लँगहोमच्या गावकऱ्यांनी ग्राऊसचा जुना डोंगरमाळ एका सरदार घराण्याच्या जहागिरीकडून दोन टप्प्यांत घेतला: २०२१ मध्ये ५,२०० एकर ३८ लाख पौंडांना आणि २०२२ मध्ये ५,३०० एकर २२ लाख पौंडांना. सार्वजनिक निधी, संस्थांच्या देणग्या आणि सामान्यांच्या वर्गण्या यांतून ही रक्कम उभी राहिली. पूर्वजांना जेथून हुसकले ती जमीन परत मिळविताना वंशजांनी हौसेने फुगलेला भाव मोजावयाचा, आणि तो सरकारी तिजोरीतून जमीनदाराच्या हाती जावयाचा, हा कोणता न्याय? त्यात आता दलदली व वृक्षलागवड यांत कार्बन साठवून त्याचे हक्क विकण्याचा नवा बाजार आला आहे. शिंगांनी चढविलेला भाव कार्बनने आणखी चढविला. सामुदायिक मालकीची जमीन अद्याप देशाच्या तीन टक्क्यांच्या आतच आहे, याचे कारण लोकांच्या इच्छेत नाही, भावात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने हजार हेक्टरांहून मोठी जमीन विकताना तिचे भाग पाडण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पाऊल योग्य आहे. पण एका मालकाने किती जमीन धारण करावी, याला त्याने मर्यादा घातलेली नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. येथे १९४८ च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याच्या शेतजमीन खरेदीला आळा घातला, १९६१ च्या कायद्याने कमाल मर्यादा घातली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने व पुढील दुरुस्त्यांनी हौशी शिकारीचे दिवस संपले. या कायद्यांतील पळवाटा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु जमीन ही केवळ बाजारातली वस्तू नव्हे, हे तत्त्व त्यांनी मान्य केले. त्याहून महत्त्वाचे उदाहरण गडचिरोलीचे. मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. गावाने त्यासाठी किंमत मोजली नाही. हक्क पूर्वीपासून होता. शासनाने तो मान्य केला, इतकेच.

विकत घेतलेला हक्क आणि मान्य झालेला हक्क यांतील अंतर हेच जमिनीच्या राजकारणाचे अंतर आहे. पहिल्यात गरिबाला धनिकाच्या भावाने स्पर्धा करावी लागते, दुसऱ्यात भावालाच प्रश्न विचारला जातो. स्कॉटलंडच्या गावांनी आपल्या हिमतीने पहिला मार्ग चोखाळला, त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु कमाल धारणेची मर्यादा, मोठ्या धारणेवर चढता कर आणि खरेदीच्या वेळी हौसेचा नव्हे तर उपयोगाचा भाव, या तीन मागण्या सोबत नसतील तर गावे वर्गण्या काढीत राहतील आणि जमीनदार किंमत वाढवीत राहतील. सह्याद्रीच्या उतारांवर विश्रामगृहांसाठी आणि गुंतवणुकीसाठी जमिनीचे पट्टे विकले जात असताना हा धडा कोकणातील व मावळातील कार्यकर्त्यांनीही गाठीशी बांधावा. हौसेचा भाव एकदा गावात शिरला की शेतकऱ्याच्या मुलाला आपल्याच गावात घरापुरती जागा मिळणे दुरापास्त होते.