निसर्गोपचार कोणासाठी?

मार्च १९४६ मध्ये गांधीजींनी निसर्गोपचारासाठी पुणे शहराऐवजी उरुळी कांचन हे खेडे निवडले. माती, पाणी, ऊन आणि साधा आहार यांवर आधारलेली चिकित्सा गरिबाच्या दारी गेली पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. आज तीच माती आणि तेच पाणी ‘वेलनेस’ केंद्रांतील कार्यशाळांतून धनिकांना चढ्या दराने विकले जाते. तेथे विश्रांतीचेही शुल्क आकारले जाते; बारा तास राबणाऱ्या कामगाराने ती कोठून आणावी? शुद्ध पाणी, सकस अन्न, सुसज्ज सरकारी दवाखाना आणि आठ तासांचा दिवस हाच कष्टकऱ्यांचा खरा आरोग्यमार्ग होय. तो विकत मिळत नाही. संघटित लढ्यानेच मिळवावा लागतो!