पूर्वजांच्या संसर्गाचा फेरफार

जानेवारी २०१८ मध्ये एका वैदिक संमेलनासाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला आलेले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवला होता. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितले वा लिहिलेले नाही, असा त्यांचा मुद्दा. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी त्यावर लेखी हरकत नोंदवली. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला आणि २०२३ मध्ये देशभरच्या शास्त्रज्ञांनी त्याविरुद्ध पत्रक काढले.

‘कुणी पाहिले?’ हा प्रश्न तसा वाईट नाही. पण जमिनीच्या वादात साक्षीदार हयात नसला की काम थांबत नाही, जुने दप्तर काढतात. दोन चुलत भावांच्या सातबाऱ्यावर पणजोबांच्या काळातला एकच फेरफार क्रमांक निघाला, तर जमीन एकेकाळी एकत्र होती हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. माणूस आणि त्याच्या नात्यातल्या प्राण्यांकडे असे दप्तर आहे. त्यातल्या नोंदी केल्या आहेत विषाणूंनी.

मानवी जनुकसंच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. शरीराची प्रथिने घडवणाऱ्या मजकुराचा वाटा त्यात दोन टक्क्यांहूनही कमी. उलट सुमारे आठ टक्के मजकूर प्राचीन विषाणूंचा आहे, हे २००१ मध्ये जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा समोर आले. हे रेट्रोव्हायरस गटातले, म्हणजे एचआयव्हीच्या जातकुळीचे विषाणू. त्यांची माहिती आरएनएच्या रूपात असते, पण पेशीत शिरल्यावर ते तिचे डीएनएत रूपांतर करतात आणि तो डीएनए पेशीच्या जनुकसंचात जोडून टाकतात. हे उलटे रूपांतर करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले. १९७५ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

फुप्फुसाच्या किंवा रक्ताच्या पेशीत असा तुकडा शिरला तर तो त्या प्राण्याबरोबर संपतो. क्वचित तो शुक्रपेशीत किंवा बीजांडात शिरतो, त्यातून पिल्लू जन्मते आणि मग त्या पिल्लाच्या प्रत्येक पेशीत विषाणूची नोंद असते. तिथून तो रोग राहत नाही, वारसा होतो. ही केवळ लाखो वर्षांपूर्वीची कल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियात कोआला या प्राण्यात हे आज घडते आहे. क्वीन्सलँडकडच्या कोआलांच्या जनुकसंचात एक रेट्रोव्हायरस मुरला आहे, दक्षिणेकडे तो अजून सर्वत्र पोहोचलेला नाही. या विषाणूचा संबंध कोआलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाशी जोडला जातो. ‘पाहिले का?’ असे विचारणाऱ्याला निदान एवढे तरी दाखवता येते.

माणसातल्या बहुतेक नोंदी चिम्पान्झीतही त्याच जागी सापडतात. ३०० कोटी अक्षरांत नेमक्या त्याच दोन अक्षरांच्या मध्ये, त्याच दिशेने, तोच विषाणू दोन प्राण्यांत वेगवेगळा शिरला असेल असे एखाद्या नोंदीबाबत योगायोग म्हणून खपवता येईल. हजारो नोंदींबाबत नाही. विषाणू एकदाच शिरला, दोघांच्या समाईक पूर्वजात, हेच उत्तर उरते. (माणूस आजच्या माकडापासून झाला असे डार्विनही म्हणत नव्हता.) ऱ्हीसस माकडाशी जुळणाऱ्या नोंदी याहून कमी आणि जुन्या आहेत, कारण ती शाखा अडीच कोटी वर्षांहून आधी फुटली. वयाचा आणखी एक पडताळा नोंदीतच असतो. विषाणू शिरतो तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना हुबेहूब सारखा मजकूर असतो. पुढे दोन्ही टोकांत चुका साठत जातात. टोकांमधला फरक जितका जास्त, तितकी नोंद जुनी.

या पुराव्याला वजन येते ते त्याच्या अपवादामुळे. चिम्पान्झी आणि गोरिला या दोघांत एका विशिष्ट विषाणूच्या शंभराहून अधिक प्रती आहेत, माणसात आणि ओरांगउटानमध्ये एकही नाही. वरवर पाहता चिम्पान्झीचे सख्खे नाते गोरिलाशी, माणसाशी नव्हे, असे वाटेल. पण या प्रतींच्या जागा दोघांत जुळत नाहीत. म्हणजे ही साथ शाखा फुटल्यानंतर दोघांत स्वतंत्रपणे शिरली. मानवाच्या पूर्वजांत तिने नोंद का सोडली नाही यावर वाद आहे. सांगायचे ते इतकेच, की जागा जुळल्या नाहीत तर तसे कळते. नुसते साम्य पाहून टाळ्या पिटणारी ही पद्धत नाही.

नोंदी नुसत्या पडून राहिल्या असत्या तर विषय इतिहासापुरता राहिला असता. पण २००० मध्ये माणसाच्या वारेत काम करणारे सिन्सिटिन हे प्रथिन विषाणूच्या आवरणाच्या जनुकातून आल्याचे स्पष्ट झाले. हे आवरण विषाणूला पेशीच्या पटलाशी एकरूप व्हायला मदत करते. वारेत तेच कौशल्य पेशींना एकमेकींत मिसळायला कामी येते. त्यातून तयार होणाऱ्या अखंड थरातून गर्भाला आईच्या रक्तातले पोषण मिळते. हा विषाणू सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचा. उंदरातही अशी प्रथिने आहेत, पण ती दुसऱ्याच विषाणूंची. त्यातले एक जनुक काढून टाकले तर पिल्ले गर्भातच मरतात, हे फ्रान्समधील तिएरी हाइडमान यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले. ससे आणि मांसाहारी प्राणी यांनी तर आणखी वेगळे विषाणू वापरले. एकाच कामासाठी निरनिराळ्या चोरांकडून किल्ल्या घेण्यासारखा हा प्रकार.

जुलै २०२५ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आलेला शोधनिबंध याच मार्गावरचा. क्योटो विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने एमईआर-११ नावाच्या विषाणू-तुकड्यांची नात्यानुसार फेरमांडणी करून जुन्यापासून नव्यापर्यंत चार गट पाडले. मग माणूस आणि इतर प्रायमेट प्राण्यांतले जवळपास ७,००० तुकडे मानवी मूळपेशींत आणि सुरुवातीच्या चेतापेशींत तपासले. सर्वांत नव्या गटाचे तुकडे जनुके चालू करण्यात सर्वांत जोरकस ठरले. मात्र हे तुकडे त्यांच्या मूळ जागेवरून उचलून तपासलेले आहेत. प्रत्यक्ष गर्भात त्यातला प्रत्येक तुकडा बटणासारखा वापरला जातो, असे त्यातून सिद्ध होत नाही. ‘जंक डीएनए’ संपले, अशा बातम्यांनी ही पायरी गाळली. बहुतेक विषाणू-नोंदी आजही मोडक्या आणि निकामीच आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारांत काही नोंदी पुन्हा जाग्या झालेल्या दिसतात, पण त्या आजाराचे कारण आहेत की परिणाम, हे ठरलेले नाही. म्हणून ‘अंगातले विषाणू’ शोधून देण्याचे दावे करणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात २०१८ पासूनच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. त्यात जीवाश्मांचे, अवशेषांगांचे पुरावे दिले आहेत. विषाणूंच्या या नोंदींसाठी त्यात अर्धे पान पुरेल.