परसदारी चार हात जागा



आपल्या खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी जा. कापूस भरायला खोली असते, अवजारांना पडवी असते, बैलांना गोठा असतो. पण घरच्या माणसाने घटकाभर स्वस्थ कोठे बसावे, असे विचारले तर उत्तर येत नाही. पुरुष माणूस निदान पारावर तरी जातो. बाईमाणसाने कोठे जावे?

परसात वांगी, भेंडी, गिलकी लावा, हे मी या पानावर पुष्कळदा सांगितले आहे. आज पोटाच्या परसबागेबद्दल नाही, जिवाच्या परसबागेबद्दल सांगायचे आहे.

2017 साली बोंडअळीने कपाशी खाल्ली, ते वर्ष आपण विसरलेलो नाही. त्या हिवाळ्यात मी पारोळा भागातल्या एका घरी गेलो होतो. फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या उपटून टाका, एवढेच सांगायचे होते. घरचा कर्ता चाळिशीचा. मी बोलत होतो, तो जमिनीकडे पाहत होता. त्याच्या म्हाताऱ्या आईने मला परसात नेले. तेथे निंबाखाली शेणाने सारवलेला लहानसा ओटा, बाजूला तुळस आणि मोगऱ्याची दोन झुडपे. म्हातारी म्हणाली, "पोरगा महिन्यापासून बोलत नाही, साहेब. मी त्याला रोज सांजच्याला या दोन झाडांना पाणी घालायला लावते, अन् मग शेजारी बसवते. काही विचारत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. मोगरा फुलला होता. त्याच ओट्यावर त्याने मला चहा दिला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "आठे जराखा बसं का जीवले बरं वाटस."

कर्ज होते तेवढेच होते. मोगऱ्याने कर्ज फिटत नाही, हे मलाही कळते. पण माणूस बोलता झाला, आणि बोलता झालेला माणूस वाट काढतो. तीस वर्षे मी बियाणे, खते, औषधे सांगत फिरलो. त्या म्हातारीला जे सुचले, ते मला कधी सुचले नव्हते.

मन शांत व्हायला जागा लागतेच असे नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचने केली, ती आपल्या धुळ्याच्या तुरुंगात. दर रविवारी ते बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात राबता राबता त्यांना गाणी सुचली. पण विनोबा आणि बहिणाबाई घरोघरी जन्मत नाहीत. आपल्यासारख्यांना थोडा आधार लागतो. शिवाय पहाटेचे दळण कष्टाचे होते, ते गेले हे बरेच झाले. मात्र त्याबरोबर बाईची स्वतःशी बोलायची घटकाही गेली. ती परत मिळवायला हवी.

आता जागा कशी करायची ते पाहू.

दहा हात लांब आणि सहा-सात हात रुंद जागा पुरे. शक्यतो घराच्या पूर्वेला घ्या, म्हणजे दुपारनंतर भिंतीची सावली पडते. जुना निंब असेल तर दुसरे झाड शोधू नका. निंबाची सावली गार असते आणि खर्च काही नाही. शेवगा मात्र बसायच्या जागेवर नको. त्याची फांदी ठिसूळ, आणि पावसाळ्यात केसाळ अळ्या पडतात. ओटा मातीचाच ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. सिमेंटचा ओटा रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो.

झाडे थोडी लावा आणि वर्षभर काहीतरी फुलेल अशी निवडा. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात जाई-जुई, पावसाळा सरता सरता पारिजातक. पहाटे ओट्याशेजारी प्राजक्ताचा सडा पडला, तर माणसाला आपोआप बसावेसे वाटते. सोबत तुळस, गवती चहा, कढीपत्ता. लहान मुले आणि गुरे असलेल्या घरी कण्हेर लावू नका. तिचे सगळे अंग विषारी आहे.

खड्डे मे महिन्यात दीड-दोन फुटांचे खणून उन्हात तापू द्या. शेणखत आणि माती भरून ठेवा, चांगला पाऊस झाला की लावणी करा. मोगऱ्याची कलमे विकत घ्यायला नकोत, शेजारणीकडच्या झुडपाची फांदी दाबून घ्या. झुडूप मोठे झाले की हिवाळ्यात पाणी तोडा, जानेवारीत छाटा आणि शेणखत देऊन पाणी सुरू करा. उन्हाळ्यात कळ्यांनी भरून जाईल.

पाण्याचे काय? आपल्याकडे खरी अडचण हीच. मोरीचे पाणी उगाच गल्लीत सोडू नका. नळीच्या तोंडाशी हातभर खोल खड्डा घ्या. तळाशी विटांचे तुकडे, वर खडी, त्यावर वाळू घाला. त्यातून पुढे गेलेले पाणी केळ, अळू आणि कर्दळ यांना द्या. वाळू चिकट झाली की बदला, पाणी साचू देऊ नका, नाहीतर शांततेऐवजी डास मिळतील. साबणाचे पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला नको. त्यांच्याजवळ एकेक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा, भरून झाकण ठेवा. पाणी हळूहळू झिरपते, दोन-तीन दिवसांआड भरले की भागते. वर केळीच्या वाळक्या पानांचे आच्छादन घाला.

आणखी एक गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची. पुष्कळांच्या परसात फवारणीच्या औषधांचे डबे पडलेले असतात. ते आजच हलवा. कुलपात ठेवा, किल्ली घरातल्या जबाबदार माणसाकडे द्या. रिकाम्या डब्यात रोप लावू नका, पाणी तर मुळीच भरू नका. हे मुलांसाठी सांगतो, आणि मोठ्यांसाठीही सांगतो. वाईट घटका प्रत्येकाच्या घरी येते. त्या घटकेला हाताशी काय आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. घरात कोणी बोलेनासे झाले, जेवण सोडले, तर त्याला एकटे ठेवू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर आहे. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

बसायचे कसे? त्याला शास्त्र लागत नाही. पहाटे किंवा दिवेलागणीला पंधरा मिनिटे बसा. मोबाइल घरात ठेवा. पाठ ताठ, डोळे मिटलेले, श्वास येतो-जातो तिकडे लक्ष. विठ्ठलाचे नाव घ्या, माळ ओढा, तसबीह ओढा, किंवा काहीच करू नका. बाजारभावाचा विचार येईल. येऊ द्या आणि पुन्हा श्वासाकडे या. जमिनीची पहिली नांगरट कधी सरळ निघाली आहे?

बायकांनी दुपारची भांडी झाली की बसावे, आणि घरच्यांनी त्या पंधरा मिनिटांत हाक मारू नये. एवढे पुरुषांनी पाळले तरी अर्धी बाग फुलली म्हणून समजा.

आखाजीला आपल्याकडे माहेरवाशिणी येतात, निंबाला झोके बांधले जातात. त्या चार दिवसांत लेकीच्या तोंडावरचा शीण उतरतो, तो मिष्टान्नाने नव्हे, सावलीत निवांत बसायला मिळते म्हणून. तशी सावली सुनेलाही बारा महिने परसदारी मिळावी. त्याला खर्च फारसा नाही. एक कुदळ, दोन मडकी आणि थोडे मन पुरे.