हापसा का आटला?



गेल्या वैशाखात गावाकडून आत्याचा फोन आला. ख्यालीखुशाली विचारण्याआधीच म्हणाली, "लेकरा, हापशाला नुसती हवा यायलीय. शंभर खेपा हाणल्या तवा कुठं अर्धी कळशी." आमचे गाव मराठवाड्यात. गावाच्या पूर्वेला आपली वस्ती, वस्तीच्या मधोमध हा हापसा. माझ्या जन्माआधीचा. वाइसर बदलून, दांडा बदलून कितीतरी उन्हाळे त्याने काढले. पण या वेळी मिस्त्री आला, पाईप वर काढून बघितले आणि म्हणाला, यंत्रात बिघाड नाही, पाणीच खाली गेलेय.

त्याच सुमारास वस्तीपासून दोनशे पावलांवर एका बागायतदाराच्या रानात बोअरची गाडी येऊन गेली होती. पाणाड्याने हातावर नारळ ठेवून जागा दाखवली, दोन दिवस दोन रात्री घरघर चालली आणि सहाशे फुटांवर पाणी लागले. आत्या म्हणाली, "त्याचं लागलं आन् आमचं गेलं. आता हे म्या कुणाला सांगू?"

मी एक साधा कारकून, बी.कॉम. झालेला. दगडमातीचे शास्त्र शिकलेलो नाही. पण आत्याचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून वाचनालयात बसलो, भूजल खात्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना चार रविवार छळले. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

आपल्या महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग एकाच जातीच्या काळ्या पाषाणावर उभा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर, पुन्हा तिसरा. सह्याद्रीचे कडे लांबून पाहिले तर पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. पाटा-वरवंटा, जाते, उखळ, घराचा पाया, रस्त्याची खडी, अजिंठा-वेरूळची लेणी, सगळे याच दगडाचे. तो उन्हापावसाने झिजून झिजून त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती होते. एक इंच माती व्हायला शेकडो वर्षे लागतात म्हणतात. आपण ती पावसाळ्यात एका रात्रीत नाल्याला लावतो.

आता या दगडात पाणी कुठे असते? लहानपणी मला वाटायचे, जमिनीखाली नद्या वाहतात. तसे काही नाही. अखंड काळा कातळ पाणी पीत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, दगडाच्या भेगांत, आणि विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या भोकाभोकांच्या खडकात. तेही किती? गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूच्या शंभर घागरी भरल्या तर त्यातून दहा-पंधरा घागरी पाणी निघावे. आपल्या झिजलेल्या काळ्या खडकाच्या शंभर घागरींतून निघते ते फक्त दोन घागरी, फार तर तीन. पंजाब-हरियाणातला शेतकरी खोल जातो तेव्हा त्याला खाली वाळूचे जाड थर लाभतात. आपल्याकडे खोल जाल तसा दगड घट्ट होत जातो आणि भेगा विरळ. सहाशे फुटांवर जे पाणी लागते ते एखाद्या भेगेत साठून राहिलेले असते. ती भेग भरायला किती पावसाळे लागले असतील ते कोणी विचारत नाही. शिवाय बोअरला केसिंग घालतात ते वरच्या मऊ भागापुरते. त्याच्या खालच्या भेगांतले पाणी बोअरच्या भोकातून आणखी खाली उतरते. म्हणजे वरच्या विहिरींचे आणि हापशांचे पाणी खालच्या मोटारीला मिळते. आत्याचा संशय अगदीच अडाणी नव्हता.

बँकेच्या पासबुकाच्या भाषेत सांगायचे तर पाऊस ही जमा. पण सगळा पाऊस जमा होत नाही. झिजलेल्या काळ्या पाषाणाच्या भागात पडणाऱ्या पावसापैकी शंभरातले सहा ते आठ भाग जमिनीखाली मुरतात असे भूजल खात्याच्या हिशेबात धरतात. दगड अखंड असेल तर त्याहूनही खूप कमी. उरलेले वाहून जाते किंवा वाफ होऊन उडते. आणि खर्च? आपला देश दरवर्षी जमिनीखालून सुमारे २४० अब्ज घनमीटर पाणी उपसतो. जगात एवढा उपसा कोणाचाच नाही. त्यातले शंभरातले पंच्याऐंशीहून जास्त भाग शेतीला जाते. पिण्यासाठी आणि घरच्या वापरासाठी लागते ते त्यामानाने चिमूटभर, पण आटताना सर्वांत आधी तेच आटते, कारण गरिबाची विहीर उथळ असते.

मुरण्याची जागा कोणती, हेही मला नव्याने कळले. मला वाटायचे काळ्याभोर कसदार रानात पाणी मुरत असेल. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पण पहिल्या चार पावसांत फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी वरून वाहते. चांगले मुरते ते माळावर, मुरमाड उतारावर. म्हणजे आपल्याकडे गायरान म्हणतात त्या जमिनीवर! मराठवाड्यातल्या वाचकांना गायरान म्हणजे काय ते सांगायला नको. आपल्या लोकांनी पोटासाठी ते कसले, त्यासाठी मार खाल्ला, केसेस अंगावर घेतल्या. गावाला ते नेहमी पडीक वाटत आले. आमच्या गावी त्या माळाचा मुरूम रस्त्याच्या कामाला गेला. जेसीबीने दहा-पंधरा फूट खरवडून खाली कातळ उघडा पाडला. आता त्यावर पाऊस पडतो आणि काचेवरून वाहावा तसा वाहून जातो. ज्या पांघरुणातून पाणी खाली उतरायचे ते पांघरूणच रस्त्याखाली गेले. नदीची वाळू तर आधीच ट्रकने गेली होती. रस्ता झाला, चांगला झाला, त्याबद्दल तक्रार नाही. एसटी आता वस्तीपर्यंत येते. पण मुरूम कुठून उचलायचा हे विचारायला वस्तीतले कोणी बोलावले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या नव्हे, इथल्या आमच्या चाळीतल्या मुलांना घेऊन कान्हेरीला गेलो होतो. मुले बुद्धमूर्ती बघत होती, मी लेण्यांबाहेरची पाण्याची टाकी बघत बसलो. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कोणी लेणे दान दिले, कोणी पोढी दान दिली, असे कोरून ठेवले आहे. खडकावर पन्हळी खोदून पावसाचे पाणी त्या टाक्यांत उतरवले आहे. सोळा-अठराशे वर्षांपूर्वीच्या भिक्खूंना आणि दगडफोड्यांना पक्के ठाऊक होते की हा दगड आपणहून पाणी देणार नाही, त्याच्यावर पडेल तेवढे साठवले पाहिजे. एका मुलाने विचारले, "काका, त्यांनी बोअर का नाही मारला?" सगळे हसले. मलाही हसू आले, पण परतताना लोकलमध्ये तोच प्रश्न आठवत राहिला.

बोअर आपल्याकडे रुजला तो १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास, आणि तो आला गरिबांसाठीच. विहिरी कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या, बाया मैलोन् मैल हंडे वाहत होत्या. युनिसेफच्या मदतीने कातळ फोडणारी यंत्रे आली. जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी हातपंप तयार झाला होता, त्यावरून सोलापूरचा पंप निघाला आणि पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क २’ त्याच वंशातला. आपल्या वस्तीच्या दारात हक्काचे पाणी आणणारा तो हापसा! विहिरीवर जाऊन कोणी वाढील म्हणून ताटकळत उभे राहायची पाळी त्याने संपवली. हे ऋण मी विसरत नाही. पुढे त्याच भोकात विजेची मोटार उतरली आणि पिण्यापुरते असलेले तंत्र उसाला जुंपले गेले.

उसाचे नाव काढले की पुष्कळांना राग येतो, पण आकडे बघा. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच म्हटले होते की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचे जवळपास सत्तर टक्के पाणी तो पितो. २०१६ साली लातूरला काय झाले ते आठवा. मांजरा धरण कोरडे पडले, मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाणी पाच लाख लिटर. शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास. माणशी सव्वा लिटर! पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, पण त्या पहिल्या गाडीचा हिशेब माझ्या मनातून जात नाही.

यात आपला प्रश्न कुठे येतो? कायद्यात येतो. १८८२ सालचा इंग्रजांचा सुविधाधिकाराचा कायदा आहे. त्याप्रमाणे ज्याची जमीन, त्याला तिच्याखालचे पाणी काढायचा हक्क. ज्याला जमीनच नाही त्याला पाण्याचाही हक्क नाही, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्यातल्या किती घरांकडे सातबारा आहे? चवदार तळे डोळ्यांसमोर होते, अडवणारेही समोर उभे होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले आणि पुढे दहा वर्षे कोर्टात लढून १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात ते जिंकले. आज हापशावर काठी घेऊन कोणी उभे नाही. बागायतदार आमच्याशी गोडच बोलतो, लग्नाला येऊन जातो. तो त्याच्या रानात त्याच्या पैशाने बोअर पाडतो, आणि पाणी आमच्या वस्तीखालून जाते.

या अन्यायाला तोड काढणारा एक गृहस्थ महाराष्ट्रात होऊन गेला. विलासराव साळुंखे, पुण्याचे अभियंता-उद्योजक. बहात्तरच्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसे पाहून ते अस्वस्थ झाले आणि नायगावला त्यांनी पाणी पंचायतीचे काम उभे केले. त्यांचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या डोक्यांच्या मापाने. माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनालाही वाटा. आणि उसाला पाणी नाही. माझ्या मते चवदार तळ्यानंतर महाराष्ट्रात पाण्याविषयी इतका समतेचा विचार कोणी प्रत्यक्ष राबवून दाखवला नाही. तो राज्यभर का पसरला नाही, हे ज्यांच्या हाती साखर होती त्यांना विचारावे.

कायद्यात अगदीच काही नाही असेही नाही. १९९३ साली राज्याने कायदा केला की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही, आणि विहिरीत बोअरही आला. त्या जागी आता २००९ चा भूजल अधिनियम आहे, १ जून २०१४ पासून लागू झालेला. त्यातही पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतांना संरक्षण आहे. ६० मीटरच्या खाली गेलेली, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून खोल विहीर तो ‘खोल विहीर’ मानतो आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीला वा कारखान्याला ती पाडायला मनाई करतो. आमच्या तालुक्यात तीन दिवस चौकशी केली. कायद्याची प्रत एकाही टेबलावर नव्हती. "असा कायदा आहे होय?" असे मलाच विचारण्यात आले.

आत्याच्या हापशापासून बागायतदाराचा बोअर दोनशे पावलांवर. पाचशे मीटर कुठे आणि दोनशे पावले कुठे! मी अर्ज लिहून दिला. हापसा सार्वजनिक आहे, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्याची नोंद आहे, बोअर इतक्या अंतरावर आहे, टेप लावून मोजावे, आणि वस्तीला तोवर टँकर द्यावा. दुसरा अर्ज गायरानातल्या मुरमाबद्दल. जे खरवडले त्यावर चर खणून बांध घालावेत, आणि ते काम रोजगार हमीतून वस्तीतल्या बायांना द्यावे. तीन तीन प्रती केल्या. ग्रामसभेत वाचायला मला रजा मिळाली नाही. आत्याच गेली, सोबत वस्तीतल्या अकरा बाया घेऊन.

संध्याकाळी मी फोन करून आधी एवढेच विचारले, पोच घेतली का?

"घेतली की," आत्या म्हणाली. "शिक्का उमटत नव्हता, दोनदा मारायला लावला."